पाण्याशी थांबणारा रणगाडा

समजा, तुम्हाला एक रणगाडा पाण्यात उतरवायचाय. जमिनीवर चालणारा, नदीत पोहणारा आणि पलीकडच्या काठावर चढून पुन्हा चालू लागणारा. तुमच्याजवळ लोखंड नाही, कारखाना नाही. एक जुना कॉम्प्युटर आहे, बारीक रंगीत ठोकळे रचून आकार करायचा एक प्रोग्रॅम आहे, आणि आकड्यांनी भरलेली एक साधी फाइल. फाइलमध्ये वेग लिहायचा, चिलखताची जाडी लिहायची, तोफेचा पल्ला लिहायचा. सगळा रणगाडा मिळून पडद्यावर तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा दिसणार. आता डोळे मिटून बघा. तो पाण्याशी येतो. पहिल्यांदा काय बुडतं? नाक वर होतं की खाली जातं? अंगाला लागलेलं पाणी कुठं जातं? तुम्ही कुठून सुरुवात कराल?

माझा मित्र संगमेश गवळी यानं म्हशीपासून सुरुवात केली.

ही २००३ सालची गोष्ट. संगमेशचं घर कोल्हापुरात, गंगावेशीत. घरामागं गोठा, गोठ्यात चौदा म्हशी. पहाटे धारा काढायच्या, म्हशी कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकासमोर पिळून फेसाळ दूध पेल्यात द्यायचं, हा त्यांच्या घरचा तीन पिढ्यांचा धंदा. संगमेश माझ्याबरोबर डिप्लोमाला होता. दुसऱ्या वर्षी एका नव्या म्हशीनं त्याच्या वडलांच्या, म्हणजे शिवानंदआप्पांच्या, गुडघ्यावर पाय दिला. आप्पा चार महिने खाटेवर पडले आणि दुपारी म्हशी पंचगंगेवर न्यायचं काम संगमेशकडं आलं. कॉलेज सुटलं ते सुटलंच. त्याच्याआधी टायपिंगचा क्लास अर्ध्यावर सुटला होता, तालीम अर्ध्यावर सुटली होती, एका वर्षी गणपतीसाठी करायला घेतलेला फिरता देखावासुद्धा अर्धाच फिरला होता. त्यामुळं राजारामपुरीत आठव्या गल्लीत ज्यांचं सायबर कॅफे होतं ते बाळासो त्याला ‘अर्ध्या’ म्हणायचे.

“आला का अर्ध्या? बस. तीन नंबरचा माउस चालत न्हाय, तेवढा बघ आणि मग तुझं काय ते कर.”

हा त्यांचा व्यवहार होता. संगमेश मशिनं दुरुस्त करायचा, बाळासो त्याला दुपारी तीन ते सहा एक मशीन मोकळं द्यायचे. मी तिथंच नोकरीला होतो. त्यामुळं पुढचं सगळं मी शेजारच्या खुर्चीवरून पाहिलेलं आहे.

त्या मशीनवर संगमेश एक परदेशी युद्धाचा खेळ खेळायचा. वरून नकाशा दिसतो. आपण खाणी खणायच्या, कारखाने उभारायचे, फौज बांधायची आणि समोरच्यावर चालून जायचं. त्या खेळाच्या फाइली उघडता येत होत्या. जगभरातली हौशी पोरं त्या उघडून आपापले रणगाडे, आपापली विमानं तयार करायची आणि इंटरनेटवर फुकट वाटायची. अशांचाच एक गट होता. त्याचा म्होरक्या फिनलंडचा कुणीतरी माणूस होता. त्यानं स्वतःला लावलेल्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘लोखंडी बदक’ असा व्हायचा. आम्ही आपसात त्याला बदकराव म्हणायचो.

त्या खेळात पाण्यावर चालणारे रणगाडे होतेच. पण ते संगमेशला पटायचे नाहीत. पावडर टाकलेल्या कॅरमबोर्डावर स्ट्रायकर सोडावा तसे ते जमिनीवरून पाण्यावर सरकायचे. पाणी आलं काय नि गेलं काय, त्यांना पत्ताच नसायचा.

“पाण्यात शिरल्यावर अंग हलकं होतंय,” तो म्हणायचा. “ते दिसाय पायजे. हे काय, फरशीवर साबण सरकल्यासारखं.”

म्हणून तो नदीवर बघायला लागला. म्हशी तर रोजच न्यायच्या होत्या. दुपारी बाराच्या पुढं घाटाच्या दगडी पायऱ्या तापलेल्या असतात, वरच्या देवळांची सावली पायथ्याशी गोळा झालेली असते, आणि धुणं बडवल्याचा आवाज पलीकडच्या झाडीवर आपटून पुन्हा येतो. त्या आवाजांच्या मधल्या शांततेत चौदा म्हशी एकामागून एक पाण्यात उतरायच्या. संगमेश गुडघाभर पाण्यात उभा राहून नुसता बघत राहायचा. आधी नाक वर उचललं जातं. मग पाठीमागचा भाग बसतो. मग पाठ पाण्याखाली जाते आणि पाण्यावर फक्त शिंगं, डोळे आणि नाकपुड्या उरतात, आणि एवढा मोठा जीव वजन नसल्यासारखा पुढं जायला लागतो. हातात वही नसायची. तो ते सगळं डोळ्यांत भरून सायकलवरून राजारामपुरीत यायचा आणि ओल्या पँटीनंच खुर्चीत बसायचा.

“खुर्ची भिजव माझी, भिजव,” बाळासो ओरडायचे. “म्हशीपण आणायच्या हुत्यास की. एकीला एक नंबरला बसीव, एकीला दोन नंबरला.”

त्यानं एका रणगाड्याची दोन शरीरं केली. एक जमिनीवरचं, पट्ट्यांचं, रुंद. दुसरं पाण्यातलं, ज्यात फक्त वर उचललेलं नाक, तोफेचा घुमट आणि पाठीची एक काळी रेघ दिसायची. काठाशी आल्यावर पहिलं शरीर जायचं आणि त्याच जागी दुसरं यायचं. बघणाऱ्याला वाटायचं, उतरला. पलीकडं निघताना उलटं. फोटोंमधले रणगाडे हिरवे असतात. संगमेशचा काळा होता, आणि उन्हात बाजूनं थोडा तपकिरी दिसायचा. त्याचं नाव त्यानं ठेवलं ‘बिजली’. बिजली ही त्यांची सगळ्यात म्हातारी म्हैस. एके काळी पाडव्याला मोटरसायकलमागं पळायच्या शर्यतीत तिनं अख्ख्या पेठेला मागं टाकलं होतं. आता ती सगळ्यात हळू चालायची, पण नदीला जाताना पुढं तीच असायची.

सप्टेंबरात बदकरावानं जाहीर केलं की गट बंद करतोय. त्याला नोकरी लागली होती. जाण्याआधी तो सगळ्यांच्या कामातलं निवडक घेऊन एक शेवटचा संच काढणार होता. त्यात ज्याचं काम जाईल त्याचं नाव खेळ सुरू होताना पडद्यावर येणार. काम पाठवायची शेवटची तारीख १० ऑक्टोबर. त्यानंतर काही नाही.

संगमेशनं ते पुन्हा एकदा स्वतः वाचलं. मग म्हणाला, “ह्यात मला जायाचं हाय. एक गोष्ट तरी शेवटापातूर गेलेली असू दे माझी.”

महिनाभर तो त्या रणगाड्याला चिकटून होता. ठोकळ्यांवर पडणारा उजेड चुकत होता, तो नीट केला. पाण्यात वेग किती कमी व्हावा यासाठी आकडा एकदा वाढवून, एकदा कमी करून बघितला. मी आणि बाळासो त्याच्या मागं उभे राहून बघायचो. बिजली काठाशी यायची, पाण्यात जायची, पलीकडं निघायची. एकदा बाळासोंनी चष्मा वर करून म्हटलं, “आयला, खरंच म्हस हाय की रं!” संगमेशसाठी ते कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं होतं.

एक तारखेला त्यानं फाइल पाठवली. तीन तारखेला उत्तर आलं. मी ते मोठ्यानं वाचलं. काम उत्तम आहे. पाण्यातली चाल आजवर कुणाला जमली नव्हती अशी आहे. पण एक दोष आहे. पाण्यात शिरण्याआधी रणगाडा काठावर दीड सेकंद नुसता उभा राहतो. लढाईत तेवढ्यात तो मारला जाईल. दहा तारखेच्या आत दुरुस्त करा, नाहीतर घेता येणार नाही.

संगमेशनं माझ्याकडं बघितलं. “दोष?”

“थांबतो म्हणतोय.”

“थांबणारच की!”

त्यानं खेळ उघडला. आम्ही तिघांनी पुन्हा बघितलं. बिजली काठाशी आली. उभी राहिली. मग उतरली. दीड सेकंद, अगदी बरोबर. आम्ही महिनाभर ते बघत होतो. शंभर वेळा, दोनशे वेळा. आमच्यातल्या एकालाही ते खटकलं नव्हतं. मी स्वतःला प्रोग्रॅम कळणारा माणूस समजतो, आणि माझ्याही ते डोक्यात आलं नाही. कारण लहानपणापासून आम्ही पाण्यात उतरणारं जे जनावर बघितलं होतं, ते थांबूनच उतरत होतं. फिनलंडच्या माणसाला चूक दिसली, कोल्हापूरच्या तिघांना म्हैस दिसली.

कारण सापडायला तीन दिवस लागले. शरीर बदलण्याआधी खेळ पहिल्याला पुरतं थांबवायचा, तोंड पाण्याकडं वळलंय का बघायचा आणि मगच दुसरं आणायचा. संगमेशनं ते काम चालता चालता व्हावं अशी युक्ती काढली. सात तारखेला बिजली न थांबता सरळ पाण्यात गेली.

“झालं!” बाळासो म्हणाले. “आता पाठव, आणि चा सांग तिघांस्नी.”

पण संगमेश ते पुन्हा पुन्हा लावून बघत होता. नाक उचललं जात होतं, मागचा भाग बसत होता, सगळं होतं तसंच होतं. तरी त्याला ते कुणीतरी मागून ढकलल्यासारखं वाटायला लागलं होतं. मलाही. फ्लॉपीत फाइल घेऊन तो न पाठवताच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्याबरोबर घाटावर गेलो. ऑक्टोबरचं ऊन होतं, पाणी निवळलेलं होतं, खालच्या पायऱ्या पाण्यातून हिरव्या दिसत होत्या. बिजली पुढं होती. शेवटच्या कोरड्या पायरीवर ती आली आणि थांबली. संगमेशनं मनगटावरचं घड्याळ बघितलं नाही. तो तिच्या कानांकडं बघत होता. कान पुढं झाले, मान थोडी खाली आली, पण पाण्याला लागली नाही. सगळा घाट त्या क्षणात थांबल्यासारखा वाटला. मग ती उतरली. तिच्यामागून बाकीच्या तेरा एकही पाय न अडखळता, जणू जिना उतरतायत तशा, पाण्यात गेल्या.

“बघितलास?” संगमेश म्हणाला. “फक्त तीच थांबती. मागच्या एक पण न्हाय.”

“मग?”

“खेळाला म्होरकी कोण ते कळत न्हाय. त्यामुळं तिथं सगळ्याच थांबाय लागल्यात. पण थांबणं बरोबर हुतं लेका. चुकून झालं, पण बरोबर हुतं.”

परत येऊन त्यानं पहिली फाइल, थांबणारी, पुन्हा पाठवली. सोबत माझ्याकडून इंग्रजीत एक पत्र लिहून घेतलं. हा दोष नाही. जे पुढं असतं ते पाण्याशी थांबतं. आमच्याकडं असंच असतं. मी म्हटलं, “संग्या, तो घेणार न्हाय. न थांबणारी पाठव, नाव तरी येईल तुझं.” तो म्हणाला, “नाव त्या म्हशीचं लावलंय. तिच्या नावानं खोटं चालणार न्हाय.”

नऊ तारखेला सकाळी उत्तर आलं. बदकराव भला माणूस होता. त्यानं लिहिलं होतं, ठीक आहे, मुद्दाम केलं असेल तर घेतो. पण खेळणाऱ्याला ते कळलं पाहिजे. प्रत्येक रणगाड्याखाली माहितीची एक ओळ असते. त्या ओळीत, हा का थांबतो, ते लिहून उद्यापर्यंत पाठवा. ओळ आली नाही तर नाइलाज आहे.

एक ओळ. मला वाटलं, संपलं काम. मी तिथल्या तिथं सुचवलं, “लिही, पाण्याची खोली मोजतो.”

“मोजतीया का पण ती?”

“कुणाला कळणार हाय?”

“मला.”

आणि तो उठून घरी गेला. मीही मागोमाग गेलो. शिवानंदआप्पा गोठ्याच्या दारात काठी मांडीवर घेऊन बसले होते.

“आप्पा, बिजली नदीत उतरायच्या आधी थांबती कशाला?”

“मी काय तिचा मास्तर हाय?”

“सांगा की. महत्त्वाचं हाय.”

आप्पांनी जरा विचार केला. “पाणी गार हाय का बघत असंल.”

“उन्हाळ्यात पण थांबती.”

“मग पायाखाली चिखल हाय का दगूड, ते बघत असंल.”

“रोज त्याच पायरीवरनं उतरती. आंधळीला पण पाठ झालं असतं.”

“मग मला इचारतोस कशाला? जा, तिलाच इचार जा.”

आतून दानम्माअव्वा, त्याची आई, पेंडीचे हात पुसत आली. “ती मागच्या सगळ्या आल्या का ते बघती रे. मी न्हाय का, देवाला निघाले की उंबऱ्यात थांबून सगळी मोजते, तसं.”

हे ऐकून संगमेशचा चेहरा उजळला. मला वाटलं, ओळ मिळाली. पण तो तसाच दावं घेऊन बिजलीकडं गेला. त्या दुपारी त्यानं तिला एकटीलाच नदीवर नेलं. मागं कुणी नव्हतं. घाटावर एक बाई चादर पिळत होती आणि लांब कुठंतरी पोरं पाण्यात उड्या मारत होती. बिजली शेवटच्या पायरीवर आली. मागं वळून बघायचं काही कारण नव्हतं, आणि तिनं बघितलंही नाही. तरी ती थांबली. तेवढाच वेळ. पाण्यावर तिची काळी सावली पडली होती आणि ती हलत होती, म्हैस हलत नव्हती. मग ती उतरली आणि आरामात मध्यावर जाऊन डोळे मिटून तरंगत राहिली.

“अव्वाचं पण न्हाय,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात निराशा नव्हती. उलट इतका शांत मी त्याला कधी पाहिला नव्हता.

दहा तारखेला राजारामपुरीत लाइट नव्हती. भारनियमन चार वाजेपर्यंत. आम्ही तिघं बंद पडद्यांसमोर अंधारलेल्या दुकानात बसून होतो. बाळासो वर्तमानपत्रानं वारा घेत होते.

“आरं, लिव्ह की कायबी! ‘पाया पडतो’ म्हणून लिव्ह. नदीच्या पाया पडती म्हस. फिनलंडवाल्याला काय कळतंय?”

“पडत न्हाय पाया, बाळासो. मान खाली जाती, पण टेकत न्हाय.”

“मग काय लिवणार हाईस? का हे पण अर्धंच?”

 बाळासोंनाही ते जरा जास्त झालं असं वाटलं असावं. ते उठून स्वतः चहा सांगायला गेले. संगमेश कोऱ्या कागदावर पेनानं ठिपके देत बसला. लाइट चार वाजून दहा मिनिटांनी आली. मशीन सुरू झालं, मोडेमनं नेहमीसारखा गळा काढला, आणि संगमेश मला म्हणाला, “लिही. हा रणगाडा पाण्याशी का थांबतो ते आम्हाला अजून कळलेलं नाही. आम्ही बघतो आहोत.”

“एवढंच?”

“तेवढंच खरं हाय.”

मी ते इंग्रजीत लिहिलं आणि पाठवलं. पाठवल्यावर त्यानं हात जोडले नाहीत की काही नाही. उठला, तीन नंबरचा माउस उघडून साफ करायला बसला.

संच दिवाळीनंतर आला. इंटरनेटवरून उतरवून घ्यायला दोन दिवस लागले. खेळ सुरू होताना काळ्या पडद्यावर नावं वर सरकत गेली. एकवीस नावं होती. सतरावं संगमेशचं होतं. आतमध्ये बिजली होती. तिच्या चित्राखाली आमचं वाक्य जसंच्या तसं होतं. बाळासोंनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला आणि समोरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावून ते दाखवलं. “आपल्या संगमेशचं हाय,” ते सांगत होते. त्या दिवसापासून त्यांनी अर्ध्या म्हणायचं सोडलं.

तो खेळ आता कुणी खेळत नाही. गटाची इंटरनेटवरची साइट बंद झाली. बाळासोंचं कॅफे मोबाइलचं दुकान झालं. मी पुण्याला नोकरीला आहे. संगमेशच्या म्हशी आता अठरा आहेत, आणि आप्पा गेल्यापासून सगळं तोच बघतो. गेल्या महिन्यात, म्हणजे २००९च्या मे महिन्यात, मी गेलो तेव्हा दुपार होती, म्हणून सरळ घाटावर गेलो. तो पाण्यात उभा होता. केस थोडे पिकलेत. बिजली दोन वर्षांपूर्वी म्हातारपणानं गेली, हे त्यानं फोनवर सांगितलं होतं. आता पुढं चिमणी नावाची म्हैस असते.

“चिमणी सात वर्षं मागंच हुती,” तो म्हणाला. “तिसरी न्हायतर चौथी. कधी थांबली न्हाय. मी रोज बघितलंय, एक दिवस पण न्हाय. बिजली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ही आपणहून म्होरं झाली. खाली आली. आणि थांबली. तेवढीच. मी मोजलं, दीड सेकंद.”

पाण्यावर ऊन पसरलं होतं. अठरा डोकी हळूहळू मध्याकडं चालली होती. त्यांच्यामागं पाण्यावर लांबच लांब रेघा उमटत होत्या आणि मिटत होत्या. संगमेश त्यांच्याकडं बघत राहिला आणि मग, मला की स्वतःला ते कळलं नाही, पण त्यानं विचारलं,

“मागं असताना तिला म्होरकीचं तोंड कधी दिसलं न्हाय. दिसायची ती फक्त पाठ. मग थांबायचं असतंय, हे हिला कुणी सांगितलं?”